न कापलेल्या कडा

चाचांनी बांधलेलं पुस्तक ओळखायला त्यावरचा शिक्का पाहावा लागत नाही. ते कपाटात उभं करायचं आणि चार पावलं मागं यायचं. बाकीची पुस्तकं सरळ उभी असतात, आणि मधल्याच एकाची पानं कुठं आत, कुठं बाहेर, कोपरे झिजलेले तसेच. बांधणी मात्र अशी की बैल जुंपला तरी निघायची नाही. वाशिमजवळच्या मालेगावच्या आसपासचे मुख्याध्यापक शाळेची जुनी रजिस्टरं बांधायला त्यांच्याकडंच आणायचे आणि घेऊन जाताना हमखास टोमणा मारायचे.

“चाचा, कडा कापून देत जा ना जराशा. उंदरानं कुरतडल्यावानी दिसते.”

चाचा चष्म्यावरून बघायचे. “उंदरानं कुरतडलं असतं तर कमी झालं असतं, गुरुजी. घरी जाऊन वाचा. एक अक्षर कमी भरलं तर रजिस्टर मी खातो.”

मी त्यांची भाडेकरू होते. खाली रस्त्याला लागून त्यांचं जिल्दसाजीचं दुकान, वर एक लांबट खोली, त्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास. खोली पाहायला गेले त्या दिवशी चाचा जमिनीवर मांडी घालून बसले होते. हातात दाभण, पुढ्यात खळीचं पातेलं. मैद्याची खळ, वाळवी लागू नये म्हणून मोरचूद घातलेली, त्यामुळं निळसर. त्यांनी माझं नाव विचारलं नाही, मी काय शिकवते तेही विचारलं नाही.

“काय शोधून राह्यल्या?”

हा प्रश्न ते दुकानाची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला विचारतात. लग्नपत्रिका द्यायला आलेल्यालाही विचारतात. मी म्हटलं, खोली शोधते आहे.

“गाव कोनतं?”

मी सांगितलं. केनवडच्या रस्त्यानं आत गेलं की आमचं लहानसं गाव लागतं. चाचांचा दाभणाचा हात थांबला.

“तिथली शाळा हाये अजून?”

“हाये. काहून?”

“काही नाही. खोली घ्या तुमी. पंखा आवाज करते, पन फिरते.”

मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला आहे. तसं ते अगदीच चुकीचं नव्हतं.

दुकानाच्या मधोमध कागद कापायचं लोखंडी मशीन होतं. मोठं चाक, हातभर लांब पातं. जिल्दसाजाच्या दुकानातली ही सगळ्यात महागाची वस्तू, आणि चाचांनी तिचं टेबल केलेलं. वर कॉम्प्युटर मांडलेला, चाकाला पिशवी अडकवलेली, पिशवीत मागच्या घरातून चाचींनी पाठवलेला डबा. मी एकदा विचारलं, “चाचा, मशीन बिघडलं का?”

“चालू हाये.”

“मंग चालवत काहून नाही?”

“चालू हाये म्हनूनच.”

यापुढं या विषयावर ते काही बोलत नसत.

चाचा शाळेत नववीपर्यंत गेले. पुढचं शिक्षण गिऱ्हाइकांच्या पुस्तकांवर झालं. बांधायला आलेलं पुस्तक वाचल्याशिवाय परत द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. जमीन महसूल कायदा, होमिओपॅथी, शेळीपालन हे सगळं त्यांनी असंच वाचलं. वाशिमच्या एका कॉलेजच्या ग्रंथपालांना हा नेम पक्का ठाऊक होता, त्यामुळं परीक्षेला लागणारी पुस्तकं ते चाचांकडं पाठवतच नसत. तरी एकदा चूक झाली आणि शिवण उसवलेली प्रोग्रॅमिंगची पुस्तकं आली. ती शिकणारी पोरं पास होऊन नोकरीला लागली, त्यांची लग्नं झाली, तेव्हा कुठं पुस्तकं परत गेली. तोवर चाचांनी भंगारवाल्याकडून दोन कॉम्प्युटर आणून त्यांचा एक केला होता.

पडद्यावर वाचलेलं त्यांच्या डोक्यात शिरत नाही. म्हणून ते प्रोग्रॅम कागदावर छापायचे, त्याचे जुज, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, करून शिवायचे, पुठ्ठा चढवायचे आणि मग लाल पेन्सिल घेऊन वाचायला बसायचे. “खंड दुसरा, पान चाळीस, इथं गडबड हाये,” असं म्हणत कॉम्प्युटरकडं जायचे. कीबोर्डच्या एंटरवर वाळलेल्या खळीचा जाड थर होता. मी एकदा ओल्या फडक्यानं तो साफ केला, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बोटाला बटण सापडेना म्हणे.

हा सगळा खटाटोप शोधण्यासाठी होता. जुना दाखला मागायला माणसं शाळेत येतात. आजोबांचं नाव, पणजोबांचं नाव, साल अंदाजे. गुरुजी धूळ झाडत पानं उलटतात, एखादं पान हातातच तुटतं. चाचांनी ठरवलं की आपल्याकडं बांधायला येणारं प्रत्येक दाखल-खारीज रजिस्टर, मुख्याध्यापकांना विचारून, आधी पान न् पान फोटोत घ्यायचं, मग त्यातलं अक्षर न् अक्षर टाइप करायचं. शोधायचं काम करणारं एक फुकटातलं सॉफ्टवेअर त्यांनी घेतलं. त्याचा प्रोग्रॅम सगळ्यांना खुला होता, जगातल्या कुणीही उघडावा, दुरुस्त करावा. ते शोधायचं झकास. पण उत्तर द्यायची त्याची रीत चाचांना पटेना. नाव, तारीख, जागा आणि दोन ओळी मजकूर. एवढंच बाहेर यायचं, बाकीचं आतच राहायचं.

“सापडते त्याले सगळं,” चाचा म्हणायचे, “पन सांगते चारच गोष्टी. नव्या जावयावानी.”

चाचांना उत्तर हवं होतं एक्सएमएलमध्ये. ही माझ्या क्लासमधल्या पोरींनाही समजायला जड जाणारी गोष्ट चाचा गिऱ्हाइकांना सहज समजावून द्यायचे. प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याच्या नावाची खूण आणि मागंही तीच खूण. इथं नाव सुरू झालं, इथं नाव संपलं. इथं गाव सुरू झालं, इथं गाव संपलं. दिसायला ते भयानक दिसतं, पण काय कुठं आहे याबद्दल मशीनला शंका राहत नाही. मग ज्याला जसं पाहिजे तसं त्यानं त्यातून घ्यावं. कुणी तक्ता करावा, कुणी मोठ्या अक्षरात छापावं, कुणी मोबाइलवर पाठवावं. “आपन वाढून ठेवाचं. ताटात किती घ्याचं ते ज्याचं त्यानं पाहावं.”

ते सॉफ्टवेअर सांभाळणारी माणसं दूरदेशी होती. त्यांना चाचांनी पत्रं लिहायला सुरुवात केली, म्हणजे मी लिहायला सुरुवात केली. चाचा खळ ढवळत वऱ्हाडीत सांगायचे आणि मी इंग्रजीत टाइप करायची.

“त्याले लेहा, भाऊ, तू जेवन वाढून राह्यला का मापून राह्यला?”

मी लिहायची, ‘आम्ही नम्रपणे सुचवू इच्छितो.’

चाचा वाकून बघायचे. “एवढं मवाळ काहून दिसून राह्यलं?”

पलीकडचा माणूस भला होता, पण हट्टी. त्याचं म्हणणं होतं की खुणांची एक पक्की यादी असू द्या. ज्यानं त्यानं मनाच्या खुणा घातल्या तर दुसऱ्या प्रोग्रॅमला त्या वाचता कशा येणार? मला ते पटलं. चाचांनाही पटलं, म्हणून त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ते जिना चढून वर आले. चालू क्लासमध्ये, पंधरा पोरींसमोर, त्यांनी फळ्यावरचं माझं सगळं पुसलं आणि एक चौकोन काढला. चौकोनाभोवती रुंद कोरी कड सोडली.

“मॅडम, लेहा त्याले. वळखीचं जे हाये ते मधात, पक्क्या यादीनं. त्याचं खरं हाये. पन बिनवळखीच्यासाठी चारी बाजूनं कड ठेव. तिथं जे येईन ते आपलं नाव घेऊन येईन, कुठून आलो ते सांगीन. ज्या प्रोग्रॅमले समजत नाही त्यानं ते वाचू नये. पन फेकू नये.”

वर्षभर पत्रं चालली. नमुने गेले, परत आले, त्यात चुका निघाल्या, चाचांच्या प्रोग्रॅमचे खंड वाढले. शेवटी एका सकाळी उत्तर आलं की घेतलं. सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत ती मोकळी जागा आली आणि तिला नावही ‘मार्जिन’ मिळालं. मदत करणाऱ्यांच्या यादीत चाचांनी स्वतःचं नाव दिलं नाही, ‘बुकबाइंडर, मालेगाव’ एवढंच दिलं. चाची आतून हात पुसत आल्या.

“काय झालं? काहून नाचून राह्यले?”

“कड ठेवली त्याईनं!”

“मंग आता दुकानात लक्ष देसान का?” चाची म्हणाल्या आणि साखर टाकून दूध उकळायला ठेवलं.

आता पुढचं काम माझ्याकडं आलं. असलं उत्तर माणसाला दाखवायचं तर त्यावर साचा बसवावा लागतो. कुठली खूण कुठं दिसेल, काय लपेल, ते साचा ठरवतो. मुख्याध्यापकांसाठीचा साचा चाचांनी मला करायला सांगितला. मी जीव ओतला. पाच रकाने, हिरवं शीर्षक, एका ओळीत एक विद्यार्थी. ज्या मजकुराला पान क्रमांक नाही, विद्यार्थ्याची ओळ नाही, तो माझ्या तक्त्यात बसत नव्हता, म्हणून मी तो येऊच दिला नाही. मुख्याध्यापक खूश झाले. चाचांनी पडद्यावर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“साफ हाये,” ते म्हणाले. “लय साफ हाये.”

त्यांच्या तोंडी ‘साफ’ ही स्तुती नसते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

त्याच वर्षी मला नोकरी लागली. सरकारी प्रशिक्षण संस्थेत, कॉम्प्युटर शिकवायची, राखीव जागेवर. आईनं गल्लीत पेढे वाटले. पण नेमणूक पक्की व्हायला जातपडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि त्यासाठी आजोबांच्या काळातला लेखी पुरावा. मुदत दिवाळीपर्यंत. आमच्या घरात तोवर कुणी पडताळणी केलेली नव्हती. शेतमजुरी करणाऱ्या माणसांकडं त्या काळचा कागद असणार तो शाळेचाच. आजोबा म्हणजे सखाराम, आमच्या गावच्या शाळेत दुसरीपर्यंत गेले आणि मग पळाले, असं बाबा नेहमी सांगायचे. मी शाळेत जाऊन रजिस्टर पाहिलं. नाव होतं, वडलांचं नाव होतं, आणि जातीच्या रकान्यात वाळवीनं केलेलं भोक होतं. पलीकडच्या पानावरची शाई त्यातून दिसत होती.

मी वेड्यासारखी कचेऱ्या फिरले. जुने फेरफार, कोतवालाची वही, कुठंच काही हाती लागेना. दिवाळी तोंडावर आली. नोकरी जाणार हे मी मनात धरून टाकलं होतं. आईनं गल्लीत वाटलेले पेढे आठवले की जास्तच लागायचं. एका दुपारी चाचांच्या दुकानात बसून मी सहज, दहाव्यांदा, आजोबांचं नाव शोधलं. माझ्या सुंदर हिरव्या तक्त्यात एकच ओळ आली, ती वाळवीवाली; आमच्या गावचं रजिस्टरही चाचांनी मधल्या काळात मुख्याध्यापकांना विचारून टाइप केलं होतं. मला रडू आलं.

चाचा पुठ्ठ्याला खळ लावत होते. “कच्चं पाह्यलं का?”

“काय कच्चं?”

“तुमचा साचा काढा. मशीन काय सांगून राह्यली ते पाहा. साच्याचं नोका ऐकू.”

मी साचा काढला. नुसतं एक्सएमएल पडद्यावर आलं, खुणाच खुणा. आणि त्यात आजोबांचं नाव दोन ठिकाणी होतं. पहिलं ओळखीचं. दुसरं खाली, मार्जिनमध्ये. खूण होती ‘कातरण’. गावाच्या खुणेत आमचं गाव. ‘जागा’ या खुणेच्या आत काहीच नाही. आणि मजकूर होता: ‘सखाराम व भाऊ, दोघे मामाकडे. केनवड शाळेत नाव घातले.’

मी चाचांकडं पाहिलं. ते उठून उभे राहिले होते. खळीचा हात तसाच.

“चाचा, कातरण म्हंजे?”

त्यांनी मशीनखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा ओढला आणि उघडला. आत कागदाच्या अरुंद पट्ट्या. बोटभर रुंदीच्या, पिवळ्या, दोऱ्यानं बांधलेल्या. प्रत्येकीवर तुटक अक्षरं.

मग ते एकदाचे बोलले. सतरा वर्षांचे होते तेव्हा त्यांच्या अब्बांनी हे मशीन आणलं. नव्या मशीनची हौस अशी की चाचा दिसेल ते कापत सुटले. आमच्या गावच्या शाळेची रजिस्टरं बांधायला आली होती. अब्बा बाहेरगावी गेलेले. चाचांनी तिन्ही बाजूंनी कडा अशा कापल्या की आरशासारख्या. शाळेत पोचवायलाही स्वतः गेले, शाबासकी घ्यायला. त्या रजिस्टरांत शेऱ्याचा रकाना पुरला नाही की मास्तर कडेला लिहीत. कोण वारला, कोण कुठल्या शाळेत गेला, कुणाचं नाव बदललं.

“गुरुजीनं उघडून पाह्यलं,” चाचा म्हणाले. “मले वाटलं, आता थापडा मारतीन. काहीच बोल्ले नाहीत. पान उलटत राह्यले, पान उलटत राह्यले. त्याईनंच लेहेलं होतं ना ते. मंग म्हनले, जा बेटा. तेवढंच.”

अब्बांनी परत आल्यावर जमिनीवरच्या पट्ट्या वेचायला लावल्या आणि सांगितलं की या जागच्या जागी लागतील तेव्हा मशीन चालव. काही लागल्या. बऱ्याच राहिल्या, कारण कुठल्या पानाच्या ते कळेना. चाचांनी त्या टाइप करून ठेवल्या होत्या. पान नाही, ओळ नाही, नुसते अधांतरी शेरे. वर्षभर परदेशातल्या माणसाशी भांडले ते यांना बसायला जागा मिळावी म्हणून.

“अन् तुमी पाह्यलं नाही,” ते मला म्हणाले, पण हसून. “तुमीबी मशीन चालवली, मॅडम.”

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा एसटीनं केनवडला गेलो. तिथल्या शाळेचं रजिस्टर वाळवीनं खाल्लेलं नव्हतं आणि कुणी कापलेलंही नव्हतं. मुख्याध्यापकांनी बोट फिरवत ओळ शोधली. सखाराम, वडलांचं नाव, गाव, जात, सगळं स्वच्छ. मी नक्कल मागायला लागले. बाबा मात्र शेवटच्या रकान्याकडं बघत होते.

“बाई, हे काय लेहेलं हाये?”

“चौथी पास,” मी म्हटलं.

बाबा बाकावर बसले. “मी शाळा बुडवो तं आबा मले मारत. मी म्हनो, तुमी सोता दुसरीतून पयाले, मले काय शिकवता. लय खेप म्हनलो. मोठा झाल्यावरबी म्हनलो. त्याईनं एकदाबी सांगतलं नाही का मी चौथी पास हाव.”

परत येताना एसटीत बाबा खिडकीबाहेर बघत होते. नक्कल त्यांनी स्वतःच्या मांडीवर धरली होती.

प्रमाणपत्र दिवाळीच्या आत आलं, नोकरी राहिली, आईनं पुन्हा पेढे वाटले. पण चाचांच्या दृष्टीनं खरं काम बाकी होतं. त्यांनी आमच्या गावच्या मुख्याध्यापकांना रजिस्टर घेऊन दुकानात बोलावलं आणि बाबांनाही बोलावलं. वाळवीच्या भोकाशेजारी, पानाच्या कापलेल्या कडेला, शाईची एक अर्धी मात्रा होती. मी ती आधी पाहिली होती, मला डाग वाटला होता. चाचांनी पट्टी तिच्याशेजारी धरली आणि मात्रा पुरी झाली.

त्यांनी पट्टीला निळी खळ लावली आणि रजिस्टर बाबांपुढं सरकवलं. “दाबा तुमी. अंगठ्यानं. हळू.”

बाबांनी आधी अंगठा धोतराला पुसला. मग पट्टीवर वरून खाली फिरवला, दोनदा.

“आता वाळू द्या,” चाचा म्हणाले. “हात नोका लावू.” मग ते कॉम्प्युटरपाशी गेले आणि ‘जागा’ या खुणेच्या आत पान क्रमांक टाइप करून एंटर दाबलं. मी माझ्या तक्त्यात आदल्या दिवशीच सहावा रकाना घातला होता. तो रुंद आहे, तक्ता त्यामुळं बेढब दिसतो. मी आजोबांचं नाव शोधलं. हिरव्या शीर्षकाखाली दोन ओळी आल्या. पहिली आमच्या गावची, तिच्या कडेला तो शेरा आपल्या जागी. दुसरी केनवडची. चाचांनी तिथल्या मुख्याध्यापकांना विचारून ती सकाळीच घातली होती. तिच्या शेवटी लिहिलं होतं, चौथी पास.

बाबा स्टूल ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसले. त्यांनी ते वाचलं, ओठ हलवत. चाचांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि विचारलं, “आणखीन काय शोधून राह्यले, भाऊ?”

“दुसरं काही नाही,” बाबा म्हणाले. “हेच आणखीन एकदा काढा.”